खाणारी बाई, खाऊ घालणारी बाई

बाई माणूस खाते हे मराठी माणसाला सांगण्यासाठी भयपटाची गरज नाही. आपली भाषा ते केव्हापासून सांगत आली आहे. नवरा अकाली गेला की ‘हिने नवऱ्याला खाल्ले’, आणि बाळंतपणात आई दगावली की पोरीने ‘जन्मताच आईला खाल्ले’. ही शिवी इतकी रुळलेली आहे की तिच्यातल्या क्रियापदाकडे आपले लक्षही जात नाही. पुरुष पैसे खातो, भाव खातो, फार तर डोके खातो. नरमांसाचा आरोप प्रामुख्याने बाईसाठी राखून ठेवलेला दिसतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट या शिवीचा वाच्यार्थ पडद्यावर आणतो, आणि म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत यावा असे मला वाटते. त्याची भाषा हिंदी आहे. परंतु वाडा, पाऊस, नाती आणि भूक ही सारी मराठी आहेत.

हिंदीतील अल्पखर्ची भयपटांची परंपरा मुख्यतः रामसे बंधूंची. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून त्यांनी महाबळेश्वरसारख्या ठिकाणच्या जुन्या वास्तूंत हा उद्योग चालवला. ‘वीराना’ (१९८८) मधील चेटकीण तरुण आणि देखणी आहे. पुरुष तिच्या मोहात पडतो आणि मरतो. तेथे भूक हे वासनेचे सोज्वळ नाव आहे, आणि प्रेक्षकाला भीतीच्या आडून पाहण्याचे सुखही मिळते. बड्या हिंदी चित्रपटांच्या मानाने तुटपुंज्या खर्चात, परंतु कित्येक वर्षे खपून पुरा केलेला ‘तुंबाड’ हे सुख नाकारतो. त्यातली खाणारी बाई जख्ख म्हातारी आहे.

१९१८ साल आहे. विनायकची आई ही सरकारांची ठेवलेली बाई. सरकारांच्या घराण्यातली एक शापित म्हातारी तिच्या घरात साखळदंडांनी जखडून ठेवलेली आहे. तिला वेळेवर भरवायचे आणि हस्तरचे नाव घेऊन पुन्हा झोपवायचे, हे या आईचे काम. मोबदला म्हणून एका सुवर्णमुद्रेची आशा. एके रात्री आई घरी नसते, भरवण्याची पाळी लहानग्या विनायकवर येते, आणि म्हातारी त्यालाच खायला उठते.

या प्रसंगाची वंशावळ मनोरंजक आहे. चित्रपटाच्या मुळाशी नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा आहे. बर्वे यांनी ती १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. धारपांच्या कथेमागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ (१९८४) उभी आहे. किंगच्या आजीला नातू मिठीत हवा असतो, कारण तिला त्याच्या देहात शिरायचे आहे. ‘तुंबाड’मध्ये या मिठीचा घास झाला. हा बदल सहज झालेला नाही. आपल्या बालपणीची म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते. वाघ-कोल्हे तिला खायला टपलेले असतात, आणि खाऊनपिऊन लठ्ठ होऊन येईन या आश्वासनावर ती आपले मरण पुढे ढकलते. आपल्या लोककथेत म्हातारी हे भक्ष्य आहे, आणि पोटभर जेवण तिला केवळ लेकीच्या घरी मिळते. ‘तुंबाड’ने ही कथा उलटी केली: म्हातारी भक्षक झाली आणि लेक कुठेच उरली नाही.

येथे बार्बरा क्रीड यांच्या ‘द मॉन्स्ट्रस-फेमिनिन’ (१९९३) या ग्रंथाची आठवण अपरिहार्य आहे. भयपटातील स्त्री भयंकर ठरते ती बहुधा तिच्या जननशक्तीमुळे; गिळंकृत करणारी आद्यमाता हा त्या भयाचा आदिबंध, असे त्यांचे प्रतिपादन. वरवर पाहता ‘तुंबाड’ हे त्याचे आयते उदाहरण वाटेल, कारण नायक अक्षरशः देवीच्या गर्भात उतरतो. पण हा सिद्धांत येथे जसाच्या तसा बसत नाही. पूर्तीची देवी कोणाला गिळत नाही. तिच्या गर्भात तिचा लाडका मुलगा हस्तर भुकेला बसला आहे. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. कणकेच्या बाहुलीवर तो तुटून पडतो, आणि तेवढ्या अवधीत माणसे त्याच्या लंगोटातले सोने लुटतात. गर्भ हे येथे लुटीचे ठिकाण आहे. पाश्चात्त्य संकल्पना आपल्या संहितेला लावताना अशी मोडतोड झालेलीच बरी.

मग म्हातारीची भूक कोठून आली? कथानकाचे उत्तर शाप हे आहे. मला मात्र चित्रपटाच्या प्रतिमासृष्टीत दुसरे उत्तर दिसते. ज्या समाजात बाई सर्वांत शेवटी जेवते, विधवा एकभुक्त राहते आणि उपास हेच तिचे पुण्य मानले जाते, तेथे साठलेल्या भुकेला कधीतरी रूप लाभणारच. त्यातही खाणारी आणि भरवणारी अशा दोन्ही बायका एकाच अंधारात आहेत. वाड्याचे वैभव ज्या रहस्यावर उभे आहे ते एकीच्या पोटात आहे, आणि दुसरी ते पोट भरते आहे.

साखळदंडांविषयी मात्र कल्पनेच्या पातळीवर बोलून भागणार नाही. मी हे चिखलीत बसून लिहितो आहे. येथून फार दूर नसलेल्या पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि बाधा झाल्याच्या समजुतीने कुटुंबे आपली माणसे घेऊन येतात. त्यांत बायका असतात, आणि त्यांना काय झाले आहे हे बहुधा दुसरेच कोणी सांगत असते. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई करणारा कायदा त्यानंतर, २०१७ मध्ये झाला. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बाईवरही माणसे खाल्ल्याचाच आरोप असतो. म्हणून जखडलेली म्हातारी पाहून थिएटरात अंगावर येणारा काटा मला निव्वळ करमणुकीचा वाटत नाही.

आणि नेमके येथेच चित्रपट कच खातो. विनायक १९३३ मध्ये परततो तेव्हा म्हातारीच्या देहाचे झाड झालेले असते. हृदय तेवढे धडधडते आहे. तिची एकच मागणी आहे: मला जाळून टाक. त्या बदल्यात ती रहस्य सांगते, विनायक सौदा पाळतो, आणि तिच्या चितेबरोबर चित्रपट तिला विसरतो. उरलेली कथा पुरुषाच्या लोभाची आहे. ती चोख सांगितलेली आहे, हे मान्य करायला हवे. पण १९४७ च्या शेवटाकडे पाहा. विनायकला तोच शाप भोवतो, आणि मुलगा पांडुरंग त्याला झोपवून लगेच आगीच्या स्वाधीन करतो. बापाला काही क्षणांत मिळालेली सुटका म्हातारीला आयुष्यभर का मिळाली नाही? तिच्यापाशी रहस्य होते, म्हणून तिला जगवत ठेवले गेले, हे उघड आहे. हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो; पटकथेच्या मनात तो आलेला दिसत नाही.

बाईची भूक बाईचीच राहू देणारा चित्रपट त्यानंतर वर्षभराने आसामीत आला. भास्कर हजारिका यांच्या ‘आमिस’ (२०१९) मधील डॉक्टर निर्माली ही विवाहित, प्रतिष्ठित स्त्री. मांसाहाराच्या परंपरांचा अभ्यास करणारा सुमन तिला नाना प्रकारचे मांस चाखायला देतो, शेवटी स्वतःचेही. परस्परांना स्पर्श करता येत नाही, म्हणून हा घास. निर्मालीला शाप नाही, साखळीही नाही. तिला चव लागलेली आहे. दिग्दर्शक तिचे समर्थन करीत नाही, पण तिची इच्छा दुसऱ्या कोणाच्या नावावर चढवीतही नाही. ‘तुंबाड’ची तांत्रिक झेप ‘आमिस’ला नाही, आणि तिला तिची गरजही भासत नाही. मराठी भयकथेने हे धाडस अद्याप केलेले नाही. आपल्याकडे खाणाऱ्या बाईमागे कोणीतरी हस्तर लागतो.

तरीही ‘तुंबाड’मध्ये एक गोष्ट आहे, जी पटकथेच्या पलीकडे जाते. पांडुरंगाची भूमिका करणारा मोहम्मद समद हाच बालनट रंगभूषेच्या थरांखाली म्हातारीही झाला आहे. श्रेयनामावली न वाचणाऱ्याला हे कळणार नाही. कळल्यावर मी पहिला भाग पुन्हा पाहिला: जखडलेल्या, सुरकुतलेल्या, जेवणासाठी हात पुढे करणाऱ्या त्या चेहऱ्याच्या आत एक लहान मूल बसलेले होते.