'मऊ लाकूड' हा शब्द वर्गात नको

शालेय मार्गदर्शकांत लाकडाचे दोन प्रकार हमखास दिलेले असतात : कठीण लाकूड आणि मऊ लाकूड. आमच्या पाहण्यात आलेल्या अशा एका पुस्तकात पहिल्या रकान्यात साग, शिसवी, बाभूळ ही नावे होती, तर दुसऱ्यात देवदार, आंबा, सावर. खाली एका ओळीचा खुलासा होता, की मऊ लाकूड सहज कापता येते. मुले हा तक्ता पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण हा तक्ता कशाचा आहे? लाकडाच्या कठीणपणाचा, की झाडांच्या गटांचा? आम्ही दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला. तो कशाशीच जुळत नाही.

'हार्डवुड' आणि 'सॉफ्टवुड' या इंग्रजी शब्दांची ही भाषांतरे आहेत. हार्डवुड म्हणजे फुले येणाऱ्या द्विदल वृक्षांचे लाकूड आणि सॉफ्टवुड म्हणजे पाइन, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांचे. लाकूड हाताला कसे लागते याचा या व्याख्येशी काही संबंध नाही. तेव्हा आंबा आणि सावर दोन्ही हार्डवुड. तक्त्यात ती चुकीच्या रकान्यात बसली आहेत. बरे, तक्ता कठीणपणाचा मानावा, तर देवदार आणि सावर शेजारी कसे? देवदाराचे वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण 550 किलो भरते, सावरीचे 350 च्या आसपास. देवदाराचे स्लीपर एकेकाळी रेल्वेच्या रुळांखाली घालत; सावरीच्या आगकाड्या करतात. खेळण्यातली विमाने ज्यापासून करतात ते बाल्साचे लाकूड घनमीटरला जेमतेम 160 किलो, नखाने सहज दबते, तरीही ते हार्डवुड! उलट युरोपातल्या यू या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड जवळजवळ सागाइतके जड, पण ते सॉफ्टवुड.

मग असे फसवे शब्द रूढ का झाले? उत्तर युरोपातल्या लाकूड-व्यापाऱ्यांपुढे एका बाजूला ओक, बीच, ॲश होते आणि दुसऱ्या बाजूला पाइन, फर, स्प्रूस. तिथे ही नावे ढोबळमानाने खपून जात. आपल्या वखारींतही अशीच एक विभागणी आहे : साग आणि आडजात. साग सोडून जे काही असेल ते आडजात. त्यात ऐन आला, धावडा आला, आणि खानदेश-विदर्भातला अंजनही आला. अंजनाचा गाभा इतका जड की पाण्यात बुडतो, पण वखारीत तोही आडजातच. म्हणून 'आडजात' ही लाकडाची अंतर्गत रचना आहे असे कोणी विज्ञानाच्या तासाला शिकवत नाही. तो धंद्याचा शब्द आहे हे आपल्याला कळते. परक्या धंद्यातला शब्द मात्र भाषांतर होऊन आला की आपल्याला शास्त्रीय वाटू लागतो.

यात नुकसान मुलांचे होते. सावरीला फुले येतात म्हणून ती हार्डवुड, असे एखाद्याने विचार करून लिहिले, तर तक्ता समोर ठेवून तपासणारे शिक्षक फुली मारतील. देवदार सावरीहून कठीण असतो, असे सुताराच्या घरातल्या मुलीने लिहिले तरी फुलीच. वास्तविक दोघांची उत्तरे बरोबर आहेत.

आम्ही सुचवतो की वर्गात 'सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड' आणि 'सपुष्प वृक्षांचे लाकूड' असेच म्हणावे. शब्द लांबतात हे खरे, पण ते खोटे बोलत नाहीत. शिवाय फरक डोळ्यांनी दाखवता येतो. महाराष्ट्राच्या रानात सूचिपर्णी वृक्ष आपोआप वाढत नाहीत, म्हणून नमुना मिळवायचा तो किराणा दुकानातल्या खोक्याचा. बाजारात अशा खोक्यांना सरसकट 'देवदारी' म्हणत असले, तरी ते बहुधा पाइन किंवा फरचे असते. आपल्या कामाला तेही चालते. त्या फळीचा आणि सागाच्या तुकड्याचा आडवा छेद धारदार पात्याने साफ करून किंचित ओला करावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावा. सागात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. त्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या. आंब्याच्या लाकडात हीच छिद्रे विखुरलेली असतात. खोक्याच्या फळीत वलये आहेत पण वाहिन्या नाहीत, कारण तिथे पाणी वर नेण्याचे काम वाहिनिका नावाच्या अरुंद पेशी करतात. पाइनमध्ये तुरळक ठिपके दिसले तर गोंधळू नये. त्या राळेच्या नलिका असतात.

कोकणातल्या शिक्षकांनी या तासाला सुरूचा तुकडा जरूर आणावा. त्याच्या 'सुया' पाहून मुले त्याला सूचिपर्णी म्हणतील. खरे तर त्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या आहेत. पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. छेद भिंगाखाली धरला की वाहिन्यांची छिद्रे दिसतात.