दुर्बल शब्दांची यांत्रिक पारख आणि मराठी वाक्य

लेखनातील दुबळे शब्द रंगवून लेखकाच्या दृष्टीस आणणारी 'राइटगुड मोड' ही पुरवणी बेंजामिन बेकविथ यांनी ईमॅक्स या संगणकीय लेखनसाधनासाठी रचली. तिचे मूळ मॅट माइट या संगणकशास्त्रज्ञाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या तीन लहान आज्ञावलींत आहे. संदिग्ध शब्द, कर्मणी रचना आणि लागोपाठ दोनदा आलेला शब्द हे तीन दोष ती हुडकते. साधन इंग्रजीपुरते आहे. परंतु 'कर्मणी टाळा' हा त्यामागील उपदेश मराठी लेखकांसही केला जातो. म्हणून या कसोट्या मराठीस कितपत मानवतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणांसाठी निफाड तालुक्यातील गोदाकाठचे सायखेडा घेऊ. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पुराचे पाणी शिरले होते. अशा गावी वाक्याची संदिग्धता ही निव्वळ शैलीची बाब राहत नाही.

पहिली कसोटी सहज पटते. 'अत्यंत', 'बरेच', 'विविध' यांची यादी कोणीही करील. (मात्र 'उंचसा', 'मोठासा' यांतला 'सा' शब्दास चिकटून बसतो व यादीच्या हातून निसटतो.) द्विरुक्तीची कसोटी तर मराठीत पार कोसळते. 'घाटाची एक एक पायरी बुडत गेली' यातील दुसरा 'एक' खोडला, की पुराचे चढणेच नाहीसे होते व एकच पायरी उरते. इंग्रजीत जो हस्तदोष, तो येथे अर्थाचा वाहक होय.

खरा घोटाळा कर्मणीचा आहे. 'सायखेडेकरांनी पूर पाहिला' हा व्याकरणदृष्ट्या कर्मणी प्रयोग. पण यात कर्ता लपलेला नाही, तो 'नी' लावून सर्वांपुढे उभा आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मराठी बहुधा असाच बोलते. नावाच्या साम्यावरून ही रचना दोषी ठरविली, तर बखरीपासून बातमीपर्यंत सारी पाने रंगून जातील! कर्ता गाळण्याची मराठीची खरी सोय निराळीच आहे: 'विसर्ग वाढविण्यात आला आहे', 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे'. कोणी वाढविला, किती, ते पाणी सायखेड्यास केव्हा पोहोचणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या वाक्यांत नाही. आणि संदिग्ध शब्दांच्या यादीत बसेल असा एकही शब्द त्यांत नाही. 'गंगापूर धरणावरील अधिकाऱ्यांनी दुपारी दोन वाजता दरवाजे उघडले' असे लिहिताच वाक्य बोलू लागते, आणि ते कर्मणीच आहे.

याउलट 'रात्री पुलावर पाणी येण्याचा संभव आहे' यातील 'संभव' यादीत खुशाल बसेल. पण पाऊस अजून पडावयाचा असता याहून ठाम विधान करणारा असत्यच लिहील. मराठीसाठी कोणी अशी पुरवणी रचावयास घेतली, तर रंगाचा पहिला मान 'ण्यात आला' यास मिळावा. 'संभव' यास बिनरंगी सोडून द्यावे.