देहभानाचे निवेदन : ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’

डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरच्या आत्मशोधाचे कथन करणारे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) हे पुस्तक प्रामुख्याने आरोग्यविषयक मार्गदर्शन म्हणून वाचले जाते. आत्मपर संहिता म्हणून त्याचा विचार करू लागताच मात्र त्यातील एक मूलभूत ताण दृष्टीस पडतो.

येथे निवेदक एकाच वेळी डॉक्टर आणि रुग्ण आहे. डॉक्टराला देह बाहेरून कळतो : रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अरुंद झालेली रोहिणी. रुग्णाला तो आतून जाणवतो. ज्ञेय वस्तू म्हणून असलेला देह आणि प्रत्यक्ष जगला जाणारा देह असा जो भेद मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये विशद केला, तो येथे एकाच व्यक्तीच्या अनुभवात उतरतो. आहारातील बदल मोजता येतो. शवासन, प्राणायाम आणि ध्यान यांत मात्र मोजणे थांबवून श्वासाकडे नुसते पाहावे लागते. शीर्षकही सूचक आहे. ‘साक्षात्कार’ ही अध्यात्मपरंपरेतील संज्ञा, आणि त्या परंपरेचा एक मोठा प्रवाह देहाला नश्वर, म्हणून गौण मानतो. येथे साक्षात्काराची वाट देहातूनच जाते. इंद्रिय आणि भावनेचे आश्रयस्थान या ‘हृदय’ शब्दाच्या दोन्ही अर्थांना मराठीत जे सहअस्तित्व आहे, त्याचा या संहितेला मोठाच आधार लाभला आहे.

प्रश्न उद्भवतो तो कारणमीमांसेचा. निवेदक आपल्या रोगाची मुळे मुख्यतः स्वतःच्या जीवनशैलीत आणि मनोवृत्तीत शोधतो. या शोधातील प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. परंतु त्याचे सामान्यीकरण झाले, की रोग हा रोग्याचाच दोष ठरू लागतो. शिवाय गडचिरोलीत नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या याच लेखकाला मृत्यूची कारणे दारिद्र्यात आणि उपचारांच्या अभावातही दिसतात. श्रमाने थकलेल्या देहाला ‘शिथिल हो’ असे सांगणे पुरेसे नाही, हे त्यांच्याइतके कोण जाणते? तथापि अंतर्मुख देहभान आणि देहाचे सामाजिक वास्तव यांचा सांधा या निवेदनात पुरेसा जुळत नाही.

ही मर्यादा दाखविल्याने पुस्तकाचे मोल उणावत नाही. ज्ञात्याच्या भूमिकेतील डॉक्टर स्वतःच्या देहाचा विद्यार्थी होतो, त्या क्षणी मराठी आत्मपर गद्याला एक नवा निवेदक लाभतो. उपदेशापेक्षा या शिकण्याच्या प्रक्रियेतच या पुस्तकाचे वाङ्मयीन सत्त्व आहे.