आवड, निवड आणि वर्षाची यादी : हिप-हॉपच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

वर्ष सरत आले की त्या वर्षातील आवडते हिप-हॉप अल्बम निवडण्याची प्रथा आता भारतीय संगीतसमीक्षेतही रूढ झाली आहे. वर्षभरातील कवितासंग्रहांचे समालोचन करण्याची मराठी नियतकालिकांची परंपरा लक्षात घेता या प्रथेत मुळात वावगे काही नाही. परंतु 'आवड' आणि 'निवड' हे शब्द मराठीत जोडीने वावरत असले तरी त्यांचे व्यापार भिन्न आहेत. आवडीवर कारणे देण्याचे बंधन नसते. निवड जाहीर होताच ती इतरांच्या संमतीची अपेक्षा करू लागते. अभिरुचीचे विधान व्यक्तिनिष्ठ असूनही सार्वत्रिकतेचा दावा कसा करते, हा कांटचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. यादी हा दावा करते. त्याची कारणे मात्र क्रमांकांआड राहतात.

शिवाय समीक्षकाच्या निवडीपूर्वीच दोन निवडी होऊन गेलेल्या असतात. 'अल्बम' हे एकक आणि 'वर्ष' ही मर्यादा त्याने गृहीत धरलेली असते.

अल्बम हे हिप-हॉपचे जन्मजात एकक नव्हे. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हा प्रकार घडू लागला तो मेळाव्यांतून. 1979 साली तो ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने लोकप्रिय झाला तो सुट्या गीतातून. 1980 च्या दशकात, विशेषतः 'पब्लिक एनिमी'च्या 1988 मधील अल्बमनंतर, सलग रचना म्हणून अल्बमला प्रतिष्ठा लाभली. महाराष्ट्रात डिव्हाइनचा 'कोहिनूर' (2019), एमसी स्टॅनचा 'तडीपार' (2020) आणि 'स्वदेसी' या बहुभाषिक समूहाचा 'चेतावनी' (2020) ही या एककाची ठळक उदाहरणे होत. 'तडीपार' हे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. हद्दपारीच्या पोलिसी कारवाईसाठी महाराष्ट्रात रुळलेला शब्द पुण्याचा हा गायक हिंदीप्रधान रचनेच्या माथ्यावर ठेवतो, आणि वस्तीवर बाहेरून मारला गेलेला शिक्का स्वतःची ओळख म्हणून मिरवतो. शीर्षकापासून गीतांपर्यंत अशी सूत्रबद्धता शोधण्यास अल्बम वाव देतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि मराठी रॅप प्रामुख्याने सुट्या गीतांत आणि चित्रफितींत वावरतो. 2023 साली राज्यातील सत्तांतरावर भाष्य करणाऱ्या राज मुंगासे यांच्या गीतावरून पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्या वर्षी मराठी रॅपचा सार्वजनिक जीवनाशी आलेला हा एक तीव्र संबंध होता. अल्बमांच्या यादीत त्याला जागाच असू शकत नाही. ही गैरहजेरी समीक्षकाच्या नापसंतीतून येत नाही, एककाच्या व्याख्येतून येते. म्हणूनच ती अधिक गंभीर ठरते, कारण नापसंतीशी वाद घालता येतो, व्याख्या मात्र वादाबाहेरच राहते.

वर्षाची मर्यादाही तटस्थ नाही. लातूर-नांदेड मार्गावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. मराठवाड्यात वामनदादा कर्डकांच्या परंपरेतील आंबेडकरी गीतांचे वर्ष 14 एप्रिलच्या जयंतीभोवती फिरते. 14 जानेवारीचा नामविस्तार दिन आणि 6 डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन हे त्याचे इतर टप्पे. कॅसेटच्या काळापासून नवी गीते या दिवसांसाठी येत राहिली. आज रॅपचा ठेका स्वीकारलेली भीमगीतेही मिरवणुकीतून आणि मोबाइलवरून याच दिनक्रमाने ऐकली जातात. डिसेंबरात मिटणाऱ्या यादीला हे कालमान दिसत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रसंगाशी बांधलेले गीत प्रसंगाबरोबरच विरते, तर अल्बम स्वायत्त कलाकृती म्हणून टिकतो. हा आक्षेप मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांच्या लयविचारापासून कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेला जे अग्रस्थान मिळाले, त्याचेच हे संगीतातील रूप होय. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले आणि यांपैकी एकानेच कलाव्यवहाराचा उलगडा होत नाही असे दाखवले. अल्बमची यादी दुसऱ्या ध्रुवाकडे झुकलेली आहे. वस्तीच्या अनुभवातून जन्मलेल्या कलाप्रकाराला केवळ त्या ध्रुवावरून मापणे हा विपर्यास ठरतो.

शाहिरीत कलगी आणि तुऱ्याचे मूल्यमापन फडातच होत असे. सवालाला जवाब तेथल्या तेथे मिळे आणि श्रोता दोन्हींचा साक्षी असे. हिप-हॉपमधील प्रत्यक्ष चढाओढीतही हेच तत्त्व आहे. यादीने निदान इतके करणे आवश्यक आहे : आपले एकक आणि कालमान उघडपणे सांगावे, सुट्या गीतांसाठी वेगळे निकष मांडावेत आणि प्रत्येक निवडीमागे कारण द्यावे. कारण दिले की प्रतिवादाला वाट मिळते. तशी वाट नसलेली यादी आवडीची नोंद म्हणून वाचावी; समीक्षा म्हणून ती स्वीकारता येणार नाही.