पशुरोगांची नावे : प्रत्यय कुठे हरवले?

तुळजापूर तालुक्यात शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी शेळ्या असतात. जुळी करडे देणारी, बहुधा काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी ही या भागाची ओळख. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, तरी शेळीची ही जात उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. पावसाळा जवळ आला की लसीकरणाच्या निमित्ताने घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार ही नावे मुलांच्या कानावर पडतात. ही नावे रोगाविषयी काय सांगतात आणि काय सांगायचे राहून जाते, हे आपण तपासून पाहू.

वैद्यकातील बरेच पारिभाषिक शब्द ग्रीक-लॅटिन घटकांचे आहेत. त्यांची रचना व्याकरण शिकवणाऱ्याला परकी वाटू नये : आधी अवयव, शेवटी प्रत्यय. ‘आयटिस’ म्हणजे दाहयुक्त सूज, ‘इमिया’ म्हणजे रक्तातील स्थिती, ‘टॉमी’ म्हणजे कापून उघडणे, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणे. तार गिळलेल्या गाईचे पोट उघडतात ती रुमेनोटॉमी; कुत्रीचे गर्भाशय काढतात ती हिस्टेरेक्टॉमी. मधल्या एका ‘एक्’वरून अवयव राहिला की गेला हे कळते.

मराठीत हे प्रत्यय आणताना आपण एकसूत्रीपणा पाळलेला नाही, ही आमची पहिली तक्रार. मास्टायटिसला ‘स्तनदाह’ म्हणायचे आणि अपेंडिसायटिसला ‘आंत्रपुच्छशोथ’. प्रत्यय एक, मराठी शब्द दोन. शिवाय दाह म्हटले की केवळ आग, शोथ म्हटले की केवळ सूज. प्रत्यक्षात लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चारही लक्षणे त्या प्रत्ययात येतात. कोणताही एक शब्द घ्या, पण सगळीकडे तोच ठेवा, म्हणजे विद्यार्थ्याला नवा शब्द स्वतः फोडता येईल.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ‘एंटेरोटॉक्सिमिया’चे आपण ‘आंत्रविषार’ केले. आतडे आले, विष आले, पण ‘इमिया’, म्हणजे रक्त, गळून पडले. नाव ऐकणाऱ्याला हा हगवणीसारखा पोटाचा विकार वाटतो. खरे म्हणजे आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम जीवाणूंचे विष रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणूनच चांगले खाणारे करडू झटके येऊन अचानक मरते. हगवण दिसेलच असे नाही. हगवणीची वाट पाहणाऱ्याला उपचाराची संधीच मिळत नाही. लस आधीच का टोचायची, याचे उत्तर त्या गळालेल्या प्रत्ययात होते.

‘घटसर्प’ तर दोन रोगांचे एकच नाव. बालकांना ज्याची लस देतात तो घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. गाई-म्हशींचा घटसर्प म्हणजे हिमोरॅजिक सेप्टिसीमिया. जीवाणू वेगळे, लसी वेगळ्या. दोन्हींत गळ्याला सूज येते, एवढेच साम्य. येथेही ‘इमिया’ पाहणाऱ्याला कळते की जनावराचा रोग गळ्यापुरता नाही, तो रक्तात पसरला आहे. मराठी नावावर विसंबणारा विद्यार्थी मात्र बैलाचा घटसर्प बाळाला होईल असे समजू शकतो, किंवा एकाची लस दुसऱ्याला चालते असेही.

याचा अर्थ लोकांची नावे टाकून द्यावीत असा नाही. ‘दगडी’ हा शब्द कासेला लावलेल्या हाताचा अनुभव सांगतो. तो ‘स्तनदाह’ सांगत नाही. ‘सर्रा’ हा शब्द तर जगाच्या पशुवैद्यकाने स्वीकारला आहे आणि इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठीत दाखवतात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी या रोगाचे परोपजीवी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात पाहिले, तरी जुने नाव टिकले. लोकनाम लक्षण सांगते, पारिभाषिक नाव कारण आणि स्थान सांगते. आमचा आक्षेप आहे तो यांपैकी एकही काम पुरते न करणाऱ्या घडवलेल्या शब्दांवर.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना घरून जनावरांच्या रोगांची नावे आणायला सांगा. फळ्यावर तीन रकाने करा : घरचे नाव, पुस्तकी मराठी नाव, इंग्रजी नाव. मग शेवटच्या रकान्यातील प्रत्यय मुलांनीच वेगळे काढावेत. कोणते मराठी नाव अपुरे आहे हे त्यांना आपोआप दिसेल. अधिक चांगले नावही कदाचित त्याच वर्गातून मिळेल.