उबवणी केंद्रे आणि मुरुडची वाडी

लघुउद्योगांना बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्यास साहाय्य करणाऱ्या ‘इन्क्युबेटर’ संस्थांना मराठीत ‘उबवणी केंद्र’ म्हटले जाते. या शब्दाचा उगम मनोरंजक आहे. अमेरिकेतील बटेव्हिया गावी मॅसी-हॅरिस कंपनीचा शेतीयंत्रांचा कारखाना बंद पडला. १९५९ साली जोसेफ मन्कूसो यांनी त्या ओस इमारतीचे गाळे पाडून ते लहान व्यावसायिकांना भाड्याने दिले. भाडेकरूंत कोंबडीची पिले उबवणारा एक व्यवसायही होता. त्यावरून हे नाव थट्टेने पडले व पुढे गंभीरपणे रूढ झाले. मूळ प्रयोग होतकरू संशोधकांच्या निवडीसाठी नव्हता, हे मात्र मागाहून विसरले गेले. एका गावाचा रोजगार बुडाला होता, त्यावरचा तो उपाय होता.

आपल्याकडे ही कल्पना रुजली ती बहुतांशी विद्यापीठे व प्रयोगशाळा यांच्या आवारात. मुंबईच्या आय.आय.टी.मधील ‘साइन’ किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी निगडित ‘व्हेंचर सेंटर’ यांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि या धाटणीत काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : वस्तू नवी, उद्योजक नवा, आणि दोन-तीन वर्षांत पंख फुटताच त्याने घरटे सोडावयाचे.

ही गृहीतके मुरुडच्या किनाऱ्यावर तपासून पाहण्याजोगी आहेत. येथील नारळ-सुपारीच्या वाड्या, कोळ्यांची सुकी मासळी, पर्यटकांसाठी चालविलेली घरगुती निवासव्यवस्था, यांतील काहीही अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले नाही. बदल येथे आला तो वाऱ्याच्या रूपाने. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यांनी राखलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने पुढे झाडागणिक मदत जाहीर केली : नारळास २५० रुपये, सुपारीस ५० रुपये. नव्याने लावलेली सुपारी फळास येण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे उबवणी केंद्राची मुदत संपते, तेव्हा वाडीतील रोप अद्याप फळलेलेही नसते! प्रश्न उत्साहाचा वा प्रशिक्षणाचा नाही. मधली वर्षे कशी काढावयाची, हा आहे.

यावर सुपारीच्या विरीपासून पत्रावळी करण्याचा उद्योग हमखास सुचविला जातो. सूचना वाईट नाही. पण विरी गळते ती उभ्या झाडाची. कोसळलेल्या वाडीला पत्रावळीचे यंत्र देणे म्हणजे जाते देऊन दाणे विसरण्यासारखे आहे. त्यापेक्षा मासळीचे उदाहरण अधिक बोलके ठरेल. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील अवकाळी सरीने भिजले की माल पडत्या भावाने जातो. सामाईक वाळवणयंत्र, शीतगृह, वेष्टनाची सोय ही एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरची, परंतु दहा-वीस कुटुंबांनी मिळून वापरण्याजोगी साधने होत. बटेव्हियाच्या त्या इमारतीतही भाडेकरूंना जागा व सोयी मिळाल्या त्या अशाच वाटून.

येथे एक आक्षेप संभवतो : हे तर सहकारी संस्थेचेच काम नव्हे काय? मुरुडला सुपारी बागायतदारांचा सहकारी संघ आहेच. आक्षेपात तथ्य आहे. सभासदाला ठराविक मुदतीनंतर बाहेर काढावयाचे नाही, हा सहकाराचा मोठाच गुण. परंतु खरेदी-विक्री संघ पिकलेला माल विकून देतो. वेगळे काही करून पाहण्याची मुभा देणे हे त्याच्या रचनेत सहसा बसत नाही. वाडीवाल्याने सुपारीखाली मिरी वा जायफळ लावून पाहिले आणि ते फसले, तर नुकसान सर्वस्वी त्याचे. उबवणी केंद्राची खरी उपयुक्तता नेमकी येथे आहे : चूक स्वस्तात करू देणे. भांडवलदार चुकला तर त्याचा एक प्रयोग बुडतो, दहा गुंठ्यांचा धनी चुकला तर त्याचे वर्ष बुडते. म्हणून केंद्राच्या यशाचे मोजमाप किती नवे उद्योग बाहेर पडले यावर न करता, वादळानंतर किती जुने उद्योग सातव्या वर्षी चालू राहिले यावर करावयास हवे. तसे मोजावयाचे तर मुदतीचा नियम आधी बदलावा लागेल, आणि अनुदानाची वर्षेही.