परकी देणगी आणि आपली दप्तरे

गोमंतकातील वारशाच्या जतनासाठी परदेशी संस्थेचा पैसा आला की त्याचे एक तर स्वागत होते, नाही तर त्यावर संशय घेतला जातो. परीक्षण मात्र सहसा होत नाही. अशा देणगीने नेमके काय वाचले, काय वाचले नाही आणि का, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निकडीचा आहे.

प्रथम जे चांगले झाले ते मान्य केले पाहिजे. मांडवीकाठचा रेइश मागूशचा किल्ला १५५१ मधला. १७३९ मध्ये मराठी फौजांनी बारदेश व्यापला तेव्हा हा किल्ला आणि आग्वाद एवढेच पोर्तुगीजांच्या हाती उरले होते. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि १९९३ मध्ये तुरुंग हलल्यावर तो ओस पडला. इंग्लंडमधील हेलन हॅमलिन ट्रस्ट, इनटॅक आणि गोवा सरकार यांच्या सहकार्यातून, वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला. २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला आणि मारिओ मिरांडा यांची चित्रे तेथे लागली. लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने राशोलच्या सेमिनरीत १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उभे राहिले. २००२ मध्ये ते जुने गोवे येथील सांता मोनिका मठात आले. फुंदासांव ओरिएंतने तेथीलच टेकडीवरच्या मोंतीच्या कपेलाला नवे आयुष्य दिले, आणि पुढे त्या प्रांगणात संगीत महोत्सव भरू लागला.

ही तिन्ही कामे नेटकी आहेत. परंतु तिन्हींत एक सूत्र आहे. जतन करावयाची गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे, तिचा मालक ठरलेला आहे, करार करण्यास समर्थ अशी संस्था पुढे आहे आणि कामाला आरंभ व शेवट आहे. पोर्तुगीज संस्थांनी पोर्तुगीज काळाच्या खुणा आधी शोधाव्यात यात गैर काही नाही. आमचा आक्षेप दात्याच्या आवडीवर नाही. या चौकटीत जे बसते तोच वारसा, असा समज आपल्यातच रुजू लागला आहे, त्यावर तो आहे.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. जुन्या काबिजादींच्या मानाने या नव्या मुलखातील देवळे, उत्सव आणि मराठी लेखनव्यवहार बऱ्याच अंशी शाबूत राहिला. त्यामुळे येथील ठेवा दगडचुन्यात थोडा आणि वहिवाटीत फार. दशावताराचेच उदाहरण घेऊ. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. अनुदानाचा अर्ज मात्र संहिता, कालावधी आणि लाभार्थींची संख्या विचारतो. अर्ज भरता भरता देवाच्या जत्रेतील सेवा ‘सादरीकरण’ होते, रात्रभराचा खेळ दोन तासांवर येतो आणि गावकरी ‘प्रेक्षकवर्ग’ होतात. पैसा येण्यापूर्वीच वस्तू बदललेली असते. साहित्याच्या अभ्यासकांनी या अर्जभाषेकडे गांभीर्याने पाहावे, असे आम्हांस वाटते.

दुसरी अडचण कायद्याची. परकीय अंशदान कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली, परदेशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याचे बंधन घातले आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई केली. हिशेब चोख राहावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मोठ्या संस्थेने देणगी घ्यावी आणि गावातील मंडळास द्यावी, ही वाट त्यामुळे बंद झाली. महाजनांची देवस्थाने तर १९३३ च्या नियमावलीखाली, मामलेदाराच्या देखरेखीत चालतात. परदेशी अर्जाच्या रकान्यांत ती सहजी मावत नाहीत.

मग करावे काय? डिचोली तालुक्यातील नार्वे येथे याचे उत्तर आहे. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्यास आणले. शिवछत्रपतींनी देवळाचा जीर्णोद्धार आरंभिला तो १६६८ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. त्याचा शिलालेख तेथे आहे. गोवा सरकारने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. राखणारे आधी आले, दाते मागाहून. लिंग राखले गेले नसते तर छत्रपतींनी जीर्णोद्धार कशाचा केला असता?

आज नदीपार नेण्याजोगे लिंग म्हणजे आपल्या घरांतील आणि देवस्थानांतील कागद. सनदा, इनामांचे लेख, जमाखर्चाच्या वह्या, कीर्तनाची बाडे, उत्सवी नाटकांच्या हस्तलिखित नकला, यांतील पुष्कळसे मोडीत आहे. वाळवी आणि पावसाळा यांना परवाना लागत नाही, आणि मोडी वाचणारे दर वर्षी कमी होत आहेत. ब्रिटिश लायब्ररीने २००४ मध्ये सुरू केलेल्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेचे तत्त्व येथे उपयोगी पडेल. मूळ कागद ज्या देशातले त्या देशातच राहावेत आणि प्रतिमा मात्र अभ्यासकांना खुल्या व्हाव्यात, असे ते तत्त्व आहे. पण अशा कोणत्याही योजनेचे दार ठोठावण्यापूर्वी कोणत्या घरी काय आहे याची यादी हवी. मालकीचा आणि वापराचा लेखी निर्णय हवा, आणि प्रत्येक घराण्यात मोडी शिकलेला निदान एक तरुण हवा. यांपैकी एकाही गोष्टीस परकी चलन लागत नाही.

आयुष्य सरकारी दप्तरात गेल्याने आम्ही इतके निश्चित सांगू शकतो की, ज्याची यादी नाही ते हरवले तरी हरवल्याची नोंद होत नाही. काही जुन्या घराण्यांत भाऊबंदकीच्या भयाने पेट्या उघडल्याच जात नाहीत. ते भय आम्ही जाणतो. जमिनीचे लेख बाजूला ठेवावेत, पण कीर्तनाच्या बाडावर कोणाचा दावा असणार? यंदाच्या पावसाळ्यापूर्वी निदान तेवढ्या पेट्या उघडाव्यात. दाता कोठला, हा विचार त्यानंतरचा.